‘हिरडा’ म्हणजे नेमके काय? द्रव्यनामांच्या अर्थनिश्चितीविषयी थोडेसे

द्रव्यगुणशास्त्रात द्रव्याचे नाव हे त्याच्या ज्ञानाचे पहिले द्वार मानले आहे. मात्र नाव कळले म्हणजे द्रव्य कळले, असे होत नाही. हे आम्हांस ग्रंथापेक्षा एका रुग्णामुळे अधिक स्पष्टपणे समजले. तो अनुभव सांगून मूळ विषयाकडे वळतो.

व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एका वृद्ध स्त्रीस आम्ही ऋतुहरीतकी योजली होती. वर्षा ऋतू असल्याने सैंधवासह घेण्यास सांगितले आणि चिठ्ठीवर ‘हिरडा चूर्ण’ एवढेच लिहिले. आठ दिवसांनी आजी आल्या त्या थकलेल्या. दिवसातून पाच-सहा वेळा द्रवमलप्रवृत्ती होत होती. मात्रा तपासली, ती योग्य होती. पुडी उघडली तेव्हा उलगडा झाला. चूर्ण काळपट होते, पिवळसर तपकिरी नव्हते. दुकानदाराने बाळहिरडा दळून दिला होता. विचारणा करताच ते सहज म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आपल्याकडे हिरडा म्हणजे हाच ना?” औषध थांबवून ताक-भातावर ठेवल्यावर आजींना दोन दिवसांत बरे वाटले. पण दुकानदाराचे वाक्य आमच्या मनात राहिले, कारण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. चूक आमच्या शब्दाची होती.

व्युत्पत्ती काय सांगते?

‘हरीतकी’ या संस्कृत शब्दाचे प्राकृतात ‘हरडई’ झाले. त्याच मुळातून हिंदीतील हरड, गुजरातीतील हरडे आणि मराठीतील हिरडा हे शब्द आले. मूळ शब्दाची निरुक्ती निघंटुकारांनी तीन प्रकारे दिली आहे: हराच्या म्हणजे शंकराच्या निवासात, हिमालयात, उत्पन्न होणारी, हरित वर्णाची, आणि रोगांचे हरण करणारी. एकाच शब्दाच्या तीन निरुक्ती संभवतात, यावरूनच निरुक्तीने द्रव्याची प्रशस्ती होते, पण द्रव्याची निश्चिती होईलच असे नाही, हे लक्षात यावे.

राजनिघंटुकार नरहरी पंडितांनी द्रव्यनामांची सात कारणे सांगितली आहेत: रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य आणि इतराह्वय. कृमिघ्न हे नाव प्रभावावरून, मेषशृंगी हे उपमेवरून, तर पिंपळीचे मागधी हे नाव देशसंबंधावरून आले. हरीतकीच्या पर्यायांतही अभया व पथ्या ही नावे कर्म सांगतात आणि हैमवती हे स्थान सांगते. अडचण अशी की गुण सांगणारे नाव एकाच द्रव्याच्या मालकीचे राहत नाही. हरीतकीच्या भेदांतील विजया हे नाव भांगेलाही आहे, अमृता हे गुळवेलीलाही आहे, आणि जीवन्ती ही तर स्वतंत्र वनस्पती आहे. हैमवती म्हटले की वचेचाही बोध होतो. केवळ पर्यायनाम लिहिणाऱ्या वैद्याने हे विसरू नये.

नावाचा प्रवास

शब्द देशांतराला गेला की अर्थाबरोबर कधी पत्ताही बदलतो. हिरडा व्यापारमार्गाने पश्चिमेकडे गेला आणि तिकडे ‘काबुली’ म्हणून ओळखला गेला. वनस्पतिशास्त्रातील टर्मिनॅलिया चेब्युला या नावातील ‘चेब्युला’ हे त्या काबूलचेच रूप आहे. ‘टर्मिनॅलिया’ हे फांद्यांच्या टोकाशी येणाऱ्या पानांवरून पडले, म्हणजे नरहरी पंडितांच्या भाषेत लांछनावरून. आवळ्याच्या ‘एम्ब्लिका’ या नावात ‘आमलक’ अरबीतून फिरून आला आहे, आणि युनानीतील ‘इत्रीफल’ म्हणजे आपली त्रिफळाच.

हे आमच्या तालुक्यांच्या नावांतही दिसते. जुन्नर हे ‘जीर्णनगर’पासून आले असे मानले जाते, आज ते नाव घेताना कोणाच्या मनात जीर्णत्व येत नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. तरीही ‘आंबेगाव’ म्हटल्यावर कोणाचाही गोंधळ होत नाही. शब्दाचे मूळ नाहीसे झाले तरी व्यवहार त्याचा अर्थ टिकवून धरतो.

व्यवहार हाच निर्णायक

पदार्थविज्ञानात आपण शक्तिग्रहाची साधने अभ्यासतो: व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृति आणि सिद्धपदसान्निध्य. यांपैकी व्याकरण आणि कोश यांवर आपला भर असतो. परीक्षेत तेच विचारले जाते. परंतु मूल भाषा शिकते ती वडीलधाऱ्यांच्या व्यवहारातून, कोशातून नव्हे. चरक-सुश्रुतांनीही औषधींची ओळख गोपाळ, मेंढपाळ आणि वनवासी यांच्याकडून करून घ्यावी असे सुचविले आहे. चरकांनी त्याच ठिकाणी हेही बजावले आहे की केवळ नाव-रूप जाणणे म्हणजे औषधीचा योग जाणणे नव्हे.

आता आमच्या भागातील व्यवहार पाहा. जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर-आहुप्यापासून नाणेघाटापर्यंतच्या डोंगराळ भागात, हिरड्याची झाडे विपुल आहेत. येथील महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्यात, अठळी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ झोडून, अंगणात वाळवून विकतात. वाळल्यावर ते काळे, सुरकुतलेले आणि ठिसूळ होते. हाच बाळहिरडा. बाजाराची मागणी त्याला असल्याने येथे ‘हिरडा’ या शब्दाचा अर्थ तोच झाला. पूर्ण पक्व, पिवळसर, वाळल्यावर पाच कडा दिसणारे फळ म्हणजे व्यापारातील सुरवारी हिरडा. रंगकामासाठी व कातडी कमावण्यासाठी जातो तो रंगारी हिरडा. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात हरीतकी म्हणून जे द्रव्य ग्राह्य धरले आहे, ते पक्व फळाची साल होय, बाळहिरडा नव्हे.

येथे लॅटिन नावही उपयोगी पडत नाही, कारण दोन्ही फळे एकाच वृक्षाची आहेत. ब्राह्मी म्हणून महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मंडूकपर्णी दिली जाते, किंवा रास्ना म्हणून प्रांताप्रांतांत वेगवेगळी मुळे मिळतात. तेथे शास्त्रीय नाव लिहिले की प्रश्न सुटतो. हिरड्याच्या बाबतीत मात्र फळाची अवस्था लिहिल्यावाचून गत्यंतर नाही.

उपयोगाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. एरंडभृष्ट हरीतकीसाठी बाळहिरडाच हवा. त्यात अठळी नसते, तो एरंडतेलात चांगला फुलतो आणि अनुलोमनाचे कार्य करतो. त्रिफळा, ऋतुहरीतकी किंवा रसायनप्रयोगासाठी मात्र अठळी काढलेली पक्व फळाची सालच योजावी.

काही सूचना

वैद्यांनी चिठ्ठीवर नुसते ‘हिरडा’ न लिहिता ‘बाळहिरडा’ किंवा ‘सुरवारी हिरडा, अठळीविरहित’ असे लिहावे. औषधालयांच्या मालकांनी दोहोंच्या बरण्या वेगळ्या ठेवून त्यांवर अवस्था नोंदवावी, आणि चिठ्ठी मोघम असेल तर अंदाज न करता वैद्यास विचारावे. खरेदी करताना पक्व फळाचीही मागणी नोंदवावी. सगळेच फळ कोवळेपणी उतरले तर बी धरत नाही आणि नवी रोपे उगवत नाहीत, हे जाणून संग्राहकांना पक्व फळाचा रास्त मोबदला देणे आपल्याही हिताचे आहे.

शक्य असेल तेव्हा वर्षातून एकदा तरी डोंगरावर जाऊन, हिरडा वेचणाऱ्या मावशी-काकांकडून त्या त्या अवस्थेची नावे ऐकून घ्यावीत. आम्ही तसे करू लागल्यापासून आमच्या चिठ्ठ्या थोड्या लांबल्या आहेत. मात्र पुडीत काय येणार, याची शंका आता राहिलेली नाही.