मे महिन्यात दुखावलेली बॅटरी

आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात, पांढुर्णा-सौंसरकडे पहाटे गारठा पडू लागतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गाड्या अडून बसतात. दिवाळीची सुटी, नागपूरहून आलेले पाहुणे, जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन ठरलेलं, सगळे गाडीत बसलेले, आणि चावी फिरवली तर गाडी सेल्फच घेत नाही. घरातले सगळे एकमुखानं सांगतात, "बॅटरी बसली." दुपारपर्यंत नवी बॅटरी येते, गाडी चालू होते आणि आठवड्याभरात पुन्हा तशीच अडते. नव्या बॅटरीचे पैसे देण्याआधी करंट नेमका कुठे अडतोय ते शोधायला हवं, आणि ते काम वाटतं तितकं अवघड नाही.

आधी गारठ्यावरचा आळ दूर करतो. आपल्या भागात बॅटरीला मारतो तो उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आत झीज करणाऱ्या रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुप्पट वेगानं चालतात. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीच्या बोनेटखाली पाणी उडतं, शिशाच्या जाळ्या गंजतात. तरी इंजिन गरम असतं, ऑइल पातळ असतं, म्हणून कमजोर बॅटरीही वेळ मारून नेते. गारठ्यात ऑइल घट्ट होतं, स्टार्टरला जास्त करंट लागतो आणि बॅटरी देते मात्र कमी. मे महिन्यातलं दुखणं असं कार्तिकात वर येतं.

आता कान द्या. चावी फिरवल्यावर टकटकटक असा झपाट्यानं आवाज येत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकदाच ‘कट्’ वाजून सगळं शांत झालं, तर सोलेनॉइड ओढतोय, पण मोटर फिरत नाही. अशा वेळी स्टार्टरचे कार्बन झिजलेले असण्याचा संभव मोठा. काहीच आवाज नाही आणि डॅशबोर्डवरचे दिवे मात्र लख्ख, तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच पाहायचे. ऑटोमॅटिक गाडी असेल तर लिव्हर ‘पी’वर आहे का तेही. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊच नका. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा किल्लीला न ओळखणारा इमोबिलायझर, असं काहीतरी निघतं.

अंधार असेल तर हेडलाइट भिंतीवर पाडून सेल्फ मारा. उजेड एकदम मरतो, तर बॅटरी किंवा तिची जोडणी. उजेड तसाच राहतो, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही.

यापुढचं काम मल्टिमीटरचं. तो महाग नसतो, आणि ज्या घरात गाडी आहे तिथे तो असावा असं माझं ठाम मत आहे. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली, 12.2 म्हणजे साधारण अर्धी. 12 च्या खाली आली की भरवसा नाही. सेल्फ मारताना काटा 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.4 च्या आसपास दिसायला हवेत. तिथे 12.3 च दिसत असेल तर डायनामो चार्जच करत नाही, आणि दुकानातली सगळ्यात भारी बॅटरीही चार दिवसांत उतरणार.

सगळ्यात फसवी जागा अर्थिंगची. बॅटरीच्या निगेटिव्हकडून एक जाड पट्टी बॉडीला आणि इंजिनला गेलेली असते. तिच्या बोल्टखाली गंज चढला की करंटचा परतीचा रस्ताच बंद. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी सोडवा, पॉलिश पेपरनं बोल्ट आणि बसायची जागा चकाकेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट आवळा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं निघते, वर व्हॅसलीन. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

एक जुनी खोड मात्र सोडायलाच हवी. डायनामो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून पाहणारे अजून आहेत. अ‍ॅम्बेसेडरच्या काळात ते खपून जायचं. आजच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि डायनामोचे डायोड किंवा इंजिनचा कंट्रोलर जळू शकतो.

सिल्लेवानीच्या घाटात अडकलात आणि मागून येणाऱ्या भाऊंनी जंप केबल काढली, तर लाल टोक आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळं टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं काळं टोक बॅटरीला नव्हे, तर तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो; ठिणगी तिच्यापासून लांब पडलेली बरी. धक्का मारून गाडी चालू करायची तर ती हाताच्या गिअरचीच हवी. ऑटोमॅटिकला धक्का चालत नाही.

सगळं बरोबर असून दोन दिवस उभी राहिली की गाडी उतरते? मग कुठेतरी करंट गळतोय. नंतर बसवलेला स्टिरिओ, जीपीएस, डिकीत राहिलेला दिवा. बंद गाडीत साधारण 50 मिलिअँपिअरपर्यंत चालतं. अर्धा अँपिअर गळत असेल तर 40 अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी 80 तासांत पूर्ण रिकामी. बागेच्या शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही पाहावं.

इतकं करूनही बॅटरीच गेलेली निघाली, तर नवी घेताना तिच्यावरची बनावटीची तारीख वाचून घ्या; दुकानात बरेच महिने पडून राहिलेली नको. जुनी दुकानदारालाच परत द्या. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा होऊन तिच्यातलं शिसं पुन्हा वापरात यायला हवं, आणि बदल्यात किमतीत सूटही मिळते. तिच्यातलं अ‍ॅसिड मात्र कुणी बांधावर ओतू नये. संत्र्याची मुळं त्याच मातीत आहेत.