5,148 तास नाच!

31 मार्च 1923. न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन बॉलरूममध्ये अल्मा कमिंग्ज नावाची नृत्यशिक्षिका नाचायला लागली, ती थांबली 27 तासांनी! एकामागून एक सहा जोडीदार थकून बसले, बुटांच्या तळांना भोकं पडली, पण बाई नाचतच राहिल्या. मुंबई-पुणे प्रवासाला डेक्कन क्वीन सव्वातीन तास घेते असं धरा. 27 तासांत गाडीच्या आठ खेपा झाल्या असत्या.

एवढ्यात तोंडात बोट घालू नका. हा विक्रम काही आठवड्यांतच मोडला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये होमर मोरहाउस हा अवघ्या 27 वर्षांचा तरुण 87 तास नाचला आणि कोसळून मरण पावला. म्हणजे डेक्कन क्वीनच्या सव्वीसहून जास्त खेपा, आणि त्यानंतर मृत्यू.

तरीही अशा नाचाच्या स्पर्धा, म्हणजे नाचाच्या मॅरेथॉन, वाढतच गेल्या. 1929 मध्ये शेअर बाजार गडगडला. 1933 पर्यंत अमेरिकेत चार कामकऱ्यांतला एक बेकार होता. नाचाच्या मॅरेथॉनमध्ये मात्र डोक्यावर छप्पर मिळे, पोटाला अन्न मिळे आणि जिंकलात तर रोख बक्षीस! अट एकच: पाय हलत राहिले पाहिजेत. गुडघा टेकला की बाद. जोडीतला एक जण उभ्या उभ्या झोपे, दुसरा त्याला अंगावर पेलून पाय ओढत राही. जेवणसुद्धा छातीइतक्या उंच टेबलावर, पाय हलवत हलवतच.

आता शिकागोला चला. 29 ऑगस्ट 1930. आपली डेक्कन क्वीन सुरू होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तिकडे मेरी गार्डन बॉलरूममध्ये माइक रिटोफ आणि एडिथ बूद्रो नाचायला उभे राहिले. दिवाळी गेली, नाताळ गेला, नवं वर्ष उजाडलं, होळी झाली. नाच संपला 1 एप्रिल 1931 ला. एकूण 5,148 तास! अल्माबाईंच्या 190 पट!

हिशेब मांडू या. सुरुवातीला तासाला 20 मिनिटं विश्रांती होती. पुढे ती 10 वर आली, मग 5 वर, शेवटी शून्यावर. आपण हात सैल सोडून पहिल्यापासून शेवटपर्यंत 20 मिनिटं सूट देऊ. तरी पायांवर काढलेले तास उरतात 3,432. डेक्कन क्वीनच्या 1,056 खेपा! रोज जाऊन येऊन, एकही सुट्टी न घेता, 528 दिवस, आणि सगळा प्रवास उभ्याने. एका खेपेचे 192 किलोमीटर धरले, तर गाडी 2 लाख 2 हजार किलोमीटरांपेक्षा जास्त धावली. पृथ्वीला पाच प्रदक्षिणा! चंद्राच्या वाटेवर निम्म्याहून पुढे! आणि हे दोघे मात्र एका लाकडी फरशीवरच!

मिळालं काय? 2,000 डॉलर. भागाकार करा: तासाला दोघांत मिळून 39 सेंटसुद्धा पुरते नाहीत. माणशी साडेएकोणीस सेंटही नाहीत.

याच काळात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम गजबजलेलं होतं. एका वेळी 4,000 माणसं, म्हणजे खचाखच भरलेली बारा डब्यांची लोकल जवळपास रिकामी झाल्यासारखी गर्दी! वर्षाला सुमारे 7 लाख! काळे-गोरे एकाच फरशीवर लिंडी हॉप नावाचा नाच नाचत. तेही त्या काळच्या अमेरिकेत! पायांच्या माऱ्याने फरशी इतकी झिजे की दर तीन वर्षांनी नवी घालावी लागे. तिथलं तिकीट 30 ते 85 सेंट. माइक किंवा एडिथ यांची एका तासाची कमाई सगळ्यात स्वस्त तिकिटालाही पुरली नसती.

अमेरिकेच्या नाचाचा इतिहास वाचाल तेव्हा सॅव्हॉयचे 7 लाख जरूर मोजा. पण शिकागोचे 5,148 तास त्या हिशेबातून कधीही वगळू नका.