मोबाईलची बॅटरी दुपारीच उतरतेय? होम स्क्रीनवरचे ‘विजेट’ आधी तपासा

सकाळी फुल चार्ज केलेला मोबाईल दुपारपर्यंत २० टक्क्यांवर येतो, ही तक्रार गावोगाव ऐकायला मिळते. नेमकं ई-पीक पाहणीचा फोटो काढायला शेतात जावं, नाहीतर बँकेचा ओटीपी यायचा असावा, आणि मोबाईल बंद! त्यात लाईटचा भरवसा नाही. बॅटरी बदलायला पैसे घालण्याआधी होम स्क्रीनवर एक नजर टाका.

विजेट म्हणजे काय?

मोबाईल उघडला की समोर हवामान, घड्याळ, बातम्या किंवा क्रिकेटचा स्कोअर दाखवणारा चौकोन दिसतो. तेच विजेट. ॲपचा साधा आयकॉन नुसता पडून असतो, त्याला बॅटरी लागत नाही. विजेटचं तसं नाही. त्यातली माहिती ताजी ठेवायची तर मागे ॲपला मधूनमधून काम करावंच लागतं.

बॅटरी जाते कुठे?

अँड्रॉइडच्या नेहमीच्या पद्धतीत विजेट जास्तीत जास्त दर ३० मिनिटांनी ताजं होतं, म्हणजे दिवसाला ४८ वेळा. काही ॲप मात्र स्वतःची वेगळी सोय करून याहून जास्त वेळा माहिती ओढतात. दरवेळी नेट वापरलं जातं, हवामानाचं विजेट असेल तर लोकेशनही शोधलं जातं. गावात रेंज कमी असली की खर्च आणखी वाढतो. टॉवर लांब असेल तर मोबाईलला सिग्नल पाठवायला जास्त जोर लावावा लागतो.

सगळीच विजेट सारखी नसतात. घड्याळ, कॅलेंडर, टिपण यांचा खर्च अगदी किरकोळ. हवामान, बातम्या, स्कोअर, शेअर बाजार ही नेटवर चालणारी विजेट जास्त खातात.

काय कराल?

१. जे विजेट पाहतच नाही, त्यावर बोट दाबून धरा आणि ‘रिमूव्ह’ करा. ॲप डिलीट होत नाही, माहिती हवी तेव्हा उघडून बघता येते.

२. हवामानाचं विजेट ठेवायचं असेल तर त्यात आपल्या तालुक्याचं नाव कायमचं टाका. मग सारखं लोकेशन शोधायची गरज राहत नाही.

३. विजेटच्या सेटिंगमध्ये अपडेटची वेळ बदलता येत असेल तर ३ किंवा ६ तास ठेवा.

४. सेटिंग्जमध्ये ‘बॅटरी’ उघडा. कोणतं ॲप किती टक्के बॅटरी खातंय ते तिथे दिसतं.

५. लाईट जाणार हे माहीत असेल तर ‘बॅटरी सेव्हर’ आधीच चालू करा.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. एकदोन विजेटमुळे बॅटरी संपत नाही. स्क्रीनचा जास्त उजेड, तासन् तास व्हिडिओ आणि हॉटस्पॉट हे त्याहून मोठे खर्च आहेत. विजेट काढून दोन दिवस फरक बघा. तरीही मोबाईल झपाट्याने उतरत असेल किंवा बॅटरी फुगलेली वाटत असेल, तर तो वापरणं थांबवून दुकानात दाखवा. फुगलेली बॅटरी घरी उघडायचा प्रयत्न करू नका, ती पेट घेऊ शकते.