संगणकप्रणालीची परीक्षा लोकांच्या हाती

जन्माचा दाखला, जमिनीचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा अशी कितीतरी कामे आज संगणकप्रणालींमार्फत होतात. खिडकीवरील कारकुनाची चूक झाली, तर ती बहुधा त्या एका अर्जापुरती असते आणि अर्जदार ती तिथल्या तिथे दाखवूनही देऊ शकतो. प्रणालीत राहून गेलेली चूक मात्र ती प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येक गावात तशीच उमटते; आणि ती कोणाजवळ सांगावी, हेही अर्जदाराला अनेकदा ठाऊक नसते. प्रणालीची चाचणी हा विषय म्हणूनच तंत्रज्ञांइतकाच नागरिकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

ही चाचणी केवळ पगारी तज्ज्ञांकडून करून न घेता, ठिकठिकाणच्या आणि नाना प्रकारची साधने वापरणाऱ्या लोकांकडून करून घेण्याची पद्धत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. तिला ‘क्राउडटेस्टिंग’ असे म्हणतात. आपण तिला ‘जनचाचणी’ म्हणू.

चाचणीकक्षाची मर्यादा

स्वतःच्या लिखाणातील चूक स्वतःला दिसत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. मुद्रिते तपासण्यासाठी दुसरी व्यक्ती लागते ती यामुळेच. संगणकाच्या आज्ञावलीलाही हा नियम लागू पडतो. म्हणून सॉफ्टवेअर कंपन्या आज्ञावली लिहिणाऱ्यांखेरीज स्वतंत्र परीक्षक नेमतात. परंतु या परीक्षकांजवळ बहुधा चांगली यंत्रे व वेगवान जोडणी असते आणि प्रणालीची त्यांना सवयही झालेली असते. प्रत्यक्ष वापरणाऱ्याची परिस्थिती याहून फार वेगळी असते.

साधा हिशेब करून पाहावा. फोनचे १० प्रकार, त्यांच्या कार्यप्रणालीच्या ५ आवृत्त्या, ४ ब्राउझर आणि ३ भाषा एवढेच धरले, तरी ६०० निरनिराळे संयोग होतात. त्यात जोडणीचा वेग, वापरणाऱ्याचे वय आणि त्याची सवय मिळवली, तर कोणताही चाचणीकक्ष पुरा पडणार नाही. चाचणीने दोष आहेत एवढेच दाखवता येते, दोष नाहीत असे सिद्ध करता येत नाही, हे डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांनी फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

मराठीपुरते एक उदाहरण पुरेसे होईल. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन वेगळे शब्द आहेत; पहिल्यात गुरू आहे, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. एखाद्या प्रणालीतील अक्षरसंच मराठीतील हा ‘ऱ्य’ नीट दाखवीत नसेल, तर मराठी न जाणणाऱ्या परीक्षकाच्या ते लक्षातही येणार नाही. मराठी वाचणाऱ्याच्या नजरेत मात्र ती चूक पहिल्याच ओळीत भरेल. मातीकाम करणाऱ्या मजुरांच्या व वृद्धांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात आणि ठशांची ओळख पटण्यास त्यामुळे अडचण येते. कार्यालयात बसून काम करणाऱ्या परीक्षकाच्या बोटांनी ही अडचण कधीच उघड होणार नाही.

अपुऱ्या चाचणीचे मोल किती पडते, हे अमेरिकेने अनुभवले आहे. आरोग्य विम्याच्या नोंदणीसाठी तेथील केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१३ रोजी एक संकेतस्थळ सुरू केले. लाखो लोकांनी त्यावर धाव घेतली. परंतु पहिल्या दिवशी अवघ्या ६ व्यक्तींची नोंदणी पूर्ण झाल्याचे पुढे उघड झाले. प्रणालीचे सर्व भाग एकत्र जोडून केलेल्या चाचणीला उद्घाटनापूर्वी जेमतेम दोन आठवडे मिळाले होते, असे कंत्राटदारांनी तेथील संसदेच्या समितीपुढे सांगितले.

कल्पनेचा उगम

बाहेरच्या माणसाने चूक दाखवावी आणि त्याबद्दल त्याचा गौरव व्हावा, ही कल्पना नवी नाही. प्रसिद्ध संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ हे आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखवणाऱ्या वाचकास २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. ‘टेक’ या त्यांच्या अक्षरजुळणी प्रणालीतील चुकीसाठी ही रक्कम दरवर्षी दुप्पट होत ३२७ डॉलर ६८ सेंटवर स्थिरावली. १९९५ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीतील दोष शोधणाऱ्यांना बक्षिसे देऊ केली. २००६ साली अमेरिकी पत्रकार जेफ हाऊ यांनी ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द रूढ केला. त्यानंतर २००७ साली स्थापन झालेल्या ‘यूटेस्ट’ या कंपनीने जनचाचणीला व्यवसायाचे रूप दिले. हीच कंपनी पुढे ‘अप्लॉज’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

काम कसे चालते?

जनचाचणी म्हणजे प्रणाली लोकांपुढे टाकून मोकळे होणे नव्हे. तिला शिस्त असते. प्रथम चाचणीची कक्षा ठरते : कोणता भाग तपासायचा, किती दिवस तपासायचा आणि कशाला हात लावायचा नाही. त्यानंतर परीक्षकांची निवड होते. कोणाजवळ कोणता फोन आहे, कोण कोणती भाषा वाचतो, कोण ग्रामीण भागात राहतो, याची नोंद पाहून माणसे घेतली जातात. प्रत्येक जण आपापल्या ठिकाणी काम करून दोषांचे अहवाल पाठवतो. संयोजक त्यांची छाननी करतो, एकच दोष अनेकांनी कळवला असल्यास ते अहवाल एकत्र करतो आणि गांभीर्यानुसार क्रम लावतो. अनेक कार्यक्रमांत स्वीकारल्या गेलेल्या दोषामागे मोबदला मिळतो. दुरुस्तीनंतर तोच भाग पुन्हा तपासला जातो, कारण एक चूक सुधारताना दुसरी शिरण्याचा संभव असतो.

या साऱ्या पद्धतीचा कणा म्हणजे अहवाल. ‘अर्ज भरला जात नाही’ एवढ्या तक्रारीवरून तंत्रज्ञाला काहीच करता येत नाही. याउलट, ‘मराठी भाषा निवडून पिन कोड देवनागरी अंकांत लिहिला असता पुढचे पान उघडत नाही, इंग्रजी अंकांत लिहिल्यास उघडते, तीन वेळा करून पाहिले, फोन अमुक प्रकारचा’ असा अहवाल आला, तर दुरुस्तीची दिशा तत्काळ सापडते. काय केले, काय व्हायला हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि कोणत्या यंत्रावर झाले, ही चार उत्तरे प्रत्येक अहवालात असावीत.

शासनांचे अनुभव

२०१६ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या काही सार्वजनिक संकेतस्थळांतील सुरक्षेचे दोष शोधण्याचे आवाहन केले. १८ एप्रिल ते १२ मे या काळात चाललेल्या या उपक्रमासाठी १,४०० हून अधिक लोकांनी नावे नोंदवली आणि १३८ दोष ग्राह्य ठरले. एकूण खर्च सुमारे दीड लाख डॉलर आला. नेहमीच्या पद्धतीने बाहेरची कंपनी नेमली असती, तर तो १० लाख डॉलरच्या वर गेला असता, असे तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी सांगितले.

आपल्या देशात कोरोना साथीच्या काळात, २ एप्रिल २०२० रोजी, ‘आरोग्य सेतू’ हे ॲप सुरू झाले. त्याच्या सुरक्षेविषयी व खासगीपणाविषयी प्रश्न उपस्थित झाले. २६ मे २०२० रोजी केंद्र शासनाने त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली आणि दोष दाखवणाऱ्यांसाठी व सुधारणा सुचवणाऱ्यांसाठी १ लाख रुपयांपर्यंतची बक्षिसे जाहीर केली. कोट्यवधी लोकांनी घेतलेल्या साधनाची परीक्षा लोकांनीच करावी, या तत्त्वाची ती मान्यता होती.

मर्यादा व दक्षता

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मोबदला दोषांच्या संख्येवर असला, तर क्षुल्लक चुकांचे ढीग जमतात आणि छाननीतच वेळ जातो. ज्याचा अहवाल दुसऱ्याने आधीच पाठवलेला असतो, त्याचे श्रम बहुधा विनामोबदला जातात. मोबदल्याचे नियम आधीच स्पष्ट असणे न्यायाचे आहे. चाचणीसाठी नागरिकांची खरी माहिती कधीही वापरू नये, त्यासाठी काल्पनिक नावे व क्रमांक तयार करावेत. जनचाचणी ही मूळ चाचणीची जागा घेऊ शकत नाही. ती तिला पूरक आहे.

कायद्याचे भानही आवश्यक आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकप्रणालीत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार गुन्हा ठरू शकतो. हेतू चांगला असला तरी निमंत्रणाशिवाय सुरक्षेची ‘परीक्षा’ घेऊ नये, हे शिक्षकांनी उत्साही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. सहज वापरताना सुरक्षेचा दोष आढळल्यास तो संबंधित खात्याला किंवा केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला कळवावा.

आपल्याकडे काय करता येईल?

मोठ्या खर्चाची वाट न पाहता काही गोष्टी करण्याजोग्या आहेत. नवी प्रणाली राज्यभर लागू करण्यापूर्वी निरनिराळ्या विभागांतील काही गावे निवडून ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी सेविका, वृद्ध शेतकरी आणि दृष्टिहीन व्यक्ती यांच्या हातून ती वापरून पाहावी. वापरणारा अडला की त्याला लगेच सांगायला धावू नये. तो कोठे अडला याची नोंद करावी. माणूस चुकला असे म्हणण्याआधी प्रणाली चुकली का, हे पाहावे. या नोंदी दुरुस्ती करणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या की नाही, आणि पुढे काय झाले, हे कळवणाऱ्याला समजले पाहिजे. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा अहवाल लिहीत नाही.

गावातील कामांचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, ही सामाजिक अंकेक्षणाची कल्पना आपल्या परिचयाची आहे. रस्ता किंवा विहीर गावकरी डोळ्यांनी पाहू शकतात. संगणकाची आज्ञावली त्यांना दिसत नाही. परंतु तिचा परिणाम त्यांच्याच वाट्याला येतो. ज्याच्या अर्जावर ती निर्णय देणार, त्याचा हात तिच्यावरून एकदा आधी फिरला पाहिजे.