Explained : टुरिस्ट व्हिसावर आलेल्या ख्रिस्ती धर्मप्रचारकाला भारतात प्रवचन देता येते का?

परदेशातील अनेक चर्च दहा-पंधरा दिवसांच्या ‘मिशन ट्रिप’ आखतात. पाहुणा धर्मप्रचारक येतो, दोन-चार सभा घेतो आणि परततो. मुक्काम छोटा असल्याने टुरिस्ट व्हिसा पुरेल, असा समज असतो. मात्र, भारतात व्हिसा कोणता हवा, हे दौऱ्यातील कामावरून ठरते.

काय चालते, काय नाही?
टुरिस्ट व्हिसावर चर्चमध्ये जाणे, प्रार्थनेला बसणे, प्रवचन ऐकणे चालते. धर्मप्रचाराचे भाषण करणे, पत्रके वाटणे किंवा धर्मांतराचा प्रचार करणे चालत नाही. प्रचारकार्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा आहे. ओसीआय कार्डधारकांनाही २०२१च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी लागते.

मग कलम २५चे काय?
धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य राज्यघटनेने ‘सर्व व्यक्तींना’ दिले आहे. पण परदेशी व्यक्तीला देशात प्रवेश मिळतो तो व्हिसाच्या अटींवर.

अट मोडल्यास?
व्हिसा रद्द होऊ शकतो, काळ्या यादीत नाव जाऊ शकते. १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

न्यायालयाने काय म्हटले?
एप्रिल २०२०मध्ये तबलिगी जमातशी संबंधित ९६० परदेशी नागरिक काळ्या यादीत गेले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अशा २९ परदेशींवरील गुन्हे रद्द केले. धर्मस्थळी जाण्यास, प्रवचनाला हजर राहण्यास बंदी नसल्याचे निकालात नमूद आहे.

थोडक्यात, पाहुण्याच्या हाती माइक देण्याआधी यजमान चर्चने त्याचा व्हिसा पाहून घेतलेला बरा.