एका देहांत दोघी

होळीच्या सुमारास चिखलीच्या मुलखांतून सैलानीकडे जाणारी माणसें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस या विषयाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं. पिंपळगांव सराईजवळचा सैलानीबाबांचा दर्गा 'बाहेरची बाधा' उतरविण्याविषयीं दूरवर प्रसिद्ध आहे. हिंदु आणि मुसलमान दोन्ही समाजांतील लोक घरचें पीडित माणूस तेथें आणतात, व त्या दिवशीं तेथें नारळांची मोठी होळी पेटते. आणलेली एखादी बाई घोगऱ्या आवाजांत भलतेंच नांव सांगते, नवऱ्यास ओळखीत नाहीं, आणि भानावर आल्यावर मधल्या वेळेचें तिला कांहींएक स्मरत नाहीं.

ही हकीकत निघाली कीं आपण सुशिक्षित मंडळी किंचित् हंसतों. परंतु नवरात्रांतील अष्टमीस कित्येक चित्पावन घरांत महालक्ष्मीपुढें घागर फुंकली जाते, आणि फुंकतां फुंकतां एखाद्या सुनेच्या अंगांत देवी येते, हें विसरून कसें चालेल? एरवीं जिचें मत कोणी विचारीत नाहीं, तिला त्या रात्रीं सासरे हात जोडून प्रश्न विचारतात. देह तोच; बोलणारी मात्र दुसरी.

महाराष्ट्रांत या प्रकाराची फार बारकाईनें तपासणी झाली ती नागपुरास. विद्यापीठांत अध्यापन करणाऱ्या एक अविवाहित मराठी बाई १९७४ सालीं एकाएकीं बंगाली बोलूं लागल्या. आपलें नांव शारदा, असें त्या सांगत. बंगाली धर्तीवर लुगडें नेसत. मराठी त्यांस समजेना. आगगाडी, विजेचे दिवे यांचें त्यांना नवल वाटे. कारण शारदा ही जवळजवळ दीडशें वर्षांपूर्वींच्या बंगालांतील स्त्री! ही अवस्था कधीं दिवसभर, तर कधीं कित्येक आठवडे टिके, आणि मग लेक पुन्हा मराठींत बोलूं लागे. आईबापांच्या मनाची काय स्थिति झाली असेल, याची कल्पनाच करावी. पोटची मुलगी समोर बसलेली, आणि तिच्याशीं बोलावयास दुभाषी हवा.

अमेरिकेंतील प्रो. इयन स्टीव्हन्सन यांनीं डॉ. सतवंत पसरिचा यांच्या साहाय्यानें हें प्रकरण अभ्यासिलें, व १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा विस्तारानें ऊहापोह केला. त्यांचा कल पुनर्जन्माकडे होता. उलट, या बाईंनीं पूर्वीं बंगाली लिपीचे धडे घेतले होते, याकडे टीकाकारांनीं बोट दाखविलें. आणि स्टीफन ब्राउड या तत्त्वज्ञांनीं मनाच्या विघटनानें याचा उलगडा होऊं शकतो, असें मांडलें. पुनर्जन्म मानणें न मानणें हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. मला मात्र ब्राउड यांचें म्हणणें अधिक पटतें. जें दुःख एका 'मी'ला पेलवत नाहीं, तें वाहण्यासाठीं मन दुसरा 'मी' उभा करतें. अशा रुग्णांच्या इतिहासांत बालपणीं सोसलेला अत्याचार पुष्कळदां आढळतो, हें मानसवैद्यांचें सांगणें आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणांत 'अंगांत येणें' यास स्वतंत्र स्थान आहे. मात्र जें धर्माचाराचा भाग म्हणून घडतें, त्यास तेथें रोग म्हटलेलें नाहीं. म्हणजे अष्टमीची घागर दवाखान्यांत नेण्याचें प्रयोजन नाहीं. तीच अवस्था मनाविरुद्ध वारंवार येऊं लागली, झोप उडाली, संसार थांबला, तर गोष्ट वेगळी. त्या वेळीं साखळी, मार किंवा मिरचीची धुरी यांचा अवलंब करणें हा केवळ निर्दयपणा नव्हे. महाराष्ट्राच्या २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्यानें तो गुन्हा आहे.

मुलीस मानसरोगतज्ज्ञाकडे न्यावें. ते बहुधा तिच्याशीं एकटीशींच बोलूं इच्छितील, आणि सासूबाईंस व पतिराजांस घटकाभर बाहेर बसावयास सांगतील. त्याचा राग मानूं नये. घरांत चारचौघांपुढें जें तिच्या तोंडून कधींच निघालें नाहीं, तें तेथें निघण्याचा संभव असतो.