ग्रँड कॅनियनच्या दरीत कुत्र्याला का नेता येत नाही? समजून घ्या वाळवंटातल्या ट्रेकचं गणित

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅनियन बघायला अनेक जण आपल्या कुत्र्याला सोबत घेऊन जातात. तिथे गेल्यावर त्यांना एक नियम कळतो. दरीच्या दक्षिण काठावर, म्हणजे साउथ रिमवर, कुत्र्याला ६ फुटांपर्यंतच्या पट्ट्याला बांधून फिरवता येतं. पण दरीत उतरणाऱ्या पायवाटांवर त्याला नेता येत नाही. अपवाद फक्त दिव्यांग व्यक्तींना मदत करणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांचा.

तिथून काही तासांच्या अंतरावर, युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर पारिया कॅनियन आणि बकस्किन गल्च या घळी आहेत. तिथे मात्र कुत्र्यांना परवानगी आहे आणि माणसांसारखंच त्यांचंही शुल्क भरावं लागतं. ऊन तर दोन्हीकडे सारखंच. मग कुत्र्याला खरा धोका कशाचा असतो?

आधी उतार, मग चढ

सह्याद्रीत ट्रेक करताना आधी चढ लागतो आणि दमल्यावर उतार. कॅनियनमध्ये हे उलटं होतं. साउथ रिमची उंची सुमारे २,१०० मीटर आहे, तर तळाशी कोलोरॅडो नदीजवळचं फँटम रँच सुमारे ७५० मीटरवर आहे. सकाळच्या गारव्यात उतरणं सोपं वाटतं. पण तळाशी तापमान काठापेक्षा साधारण ११ अंश सेल्सिअसने जास्त असतं. उन्हाळ्यात ते ४० अंशांच्या वर जातं आणि नेमका तेव्हाच चढ सुरू होतो.

माणूस दमला की थांबतो. कुत्रा मात्र बऱ्याचदा मालकामागे चालत राहतो. तो बसतो तोपर्यंत कदाचित उशीर झालेला असतो. २५-३० किलोच्या कुत्र्याला उचलून एवढा चढ चढणं जवळपास अशक्यच.

कुत्रा स्वतःला थंड कसा ठेवतो?

माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना येतो आणि त्याचा फारसा उपयोग होत नाही. कुत्रा जीभ बाहेर काढून जोरात धापा टाकतो आणि तोंडातल्या, श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ होऊन शरीर थंड होतं. यात पाणी भराभर खर्च होतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना हेही नीट जमत नाही.

कुत्र्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं. ते ४१ अंशांच्या वर गेलं की उष्माघातामुळे मेंदू, मूत्रपिंड आणि आतड्यांना इजा होऊ शकते. शिवाय तो जमिनीच्या जवळ चालतो, त्यामुळे तापलेल्या खडकाची धग थेट पोटाला लागते.

बंदीची आणखी कारणं

ग्रँड कॅनियनच्या मुख्य वाटांवरून खेचरांची ये-जा असते. अरुंद वाटेवर कुत्रा भुंकला आणि खेचर बिथरलं, तर स्वाराच्या जिवावर बेतू शकतं. कुत्र्याच्या वासाने वन्यप्राणी बुजतात आणि त्याच्या विष्ठेतून त्यांना रोगही होऊ शकतात. या प्रदेशातल्या मातीवर सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफुलाची जिवंत साय असते. ती पायाखाली मोडली की पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात.

परवानगी आहे, म्हणजे धोका नाही?

बकस्किन गल्चसारख्या अरुंद घळींत सावली मिळते, पण संकटं वेगळी असतात. मध्येच अडकलेल्या मोठ्या दगडांवरून कुत्र्याला उचलून किंवा दोराने उतरवावं लागतं.

दुसरा धोका पुराचा. १२ ऑगस्ट १९९७ रोजी याच भागातल्या पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅनियनमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडला होता. त्यामुळे डोक्यावरचं आभाळ बघून निर्णय घेणं पुरेसं नसतं. संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा हवामान अंदाज बघावा लागतो.

तिसरा धोका पाण्याचा. जुलै २०२० मध्ये युटातल्या झायन राष्ट्रीय उद्यानात व्हर्जिन नदीत खेळलेलं एक पिल्लू दगावलं. त्यानंतर नदीत सायनोबॅक्टेरियाचं विष आढळलं. पाणी नितळ दिसलं म्हणून ते कुत्र्याला पाजणं धोक्याचं ठरू शकतं.

जायचंच असेल तर?

- उन्हाळा टाळा. गरमीच्या दिवसांत सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत चालू नका.
- हाताची मागची बाजू जमिनीवर ७ सेकंद ठेवा. चटका बसला, तर कुत्र्याचे पंजेही भाजतील.
- २५ किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं. ट्रेकमध्ये त्याहून बरंच जास्त लागेल. ते सोबत न्या आणि थोडं-थोडं, वारंवार पाजा.
- पट्टा आणि उचलता येईल असा हार्नेस घ्या. विष्ठा पिशवीत भरून परत आणा.
- निघालेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश संपलं की मागे फिरा. परतीच्या चढाला जास्त पाणी लागतं.

लाळ घट्ट होणं, हिरड्या गडद लाल दिसणं, उलट्या, झोकांड्या जाणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. ती दिसताच कुत्र्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत अडकते. अंग थंड करणं सुरू ठेवूनच पशुवैद्यांकडे न्या. कुत्रा सावरल्यासारखा वाटला तरी तपासणी टाळू नका, कारण आतली इजा काही तासांनी दिसू शकते.